व्यंकटअण्णांची चापट

व्यंकटअण्णांची आणि माझी ओळख एका दाताने करून दिली. दात अण्णांचा नव्हता. नांदेडच्या वजिराबादेतल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात ते भर दुपारी आले, हातरुमालाची गाठ सोडली आणि दात टेबलावर ठेवला. त्यांच्यामागे एक ओलाचिंब, चांगल्या घरातला वाटणारा गृहस्थ ओठाला टॉवेल दाबून उभा होता.

"डॉक्टरसाब, ह्यो परत बसतो का बघा," अण्णा म्हणाले.

"पडला कसा?"

"म्या पाडला. नदीत बाटली फोडून राहिला होता. हितं बायामाणसं धुणं धुतेत, पोरंबाळं उघड्या पायानं उतरतेत. पाडायचं काम माझं झालं, आता बसवायचं तुमचं."

ओलाचिंब गृहस्थ टॉवेलाआडून काहीतरी बोलला. अण्णांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याने टॉवेल पुन्हा ओठाला दाबला. दात काही बसला नाही. पण त्यानंतर अण्णांनी आपले सगळे मार खाल्लेले लोक माझ्याकडेच आणायला सुरुवात केली. मारून झालं की ते माणसाला वाऱ्यावर सोडत नसत, एवढा एक सज्जनपणा त्यांच्यात होता.

अण्णा विष्णुपुरीच्या धरणावरच्या बोट क्लबात असत. नांदेडात बोट क्लब आहे म्हटलं की अजूनही लोक हसतात. हिमायतनगरकडचा एक माणूस अर्धं आयुष्य नौदलात काढून परत आला. त्याला सगळे कमांडर म्हणत. खरा हुद्दा काय होता ते कुणी विचारलं नाही. एवढं पाणी पसरलंय आणि त्यावर एक शीड नाही, हे त्याला बघवेना. त्याने प्लायवूडच्या होड्या बांधल्या. शिडं शिवायला कुणी मिळेना, म्हणून मंडपवाल्याच्या शिंप्याला गाठलं. त्याने लाल-पिवळ्या पट्ट्यांच्या मंडपाच्या कापडातच शिडं शिवून दिली. लांबून पाहिलं तर पाण्यावरून कुणाचं तरी लग्न चालत येतंय असं वाटायचं. नाव ठेवलं 'गोदामाय नौका मंडळ', पण कुणाच्याही तोंडी क्लबच. इंजिनिअरिंग कॉलेजातले दोन-तीन प्राध्यापक, पाटबंधाऱ्यातले निवृत्त साहेब, एक औषधाचा दुकानदार आणि काठावरचे काही शेतकरी, असा सगळा मेळ होता. रविवारी शर्यत व्हायची. त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये अण्णांच्या बायकोच्या, रुक्मिणबाईंच्या हातची भाकरी, पिठलं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा.

अण्णांची निम्मी जमीन त्याच पाण्याखाली होती. उरलेल्या निम्मीत हळद. मंडळींत खऱ्या अर्थाने पाण्यातला माणूस तो एकच, म्हणून कमांडरने त्यांना 'सेफ्टी ऑफिसर' नेमलं. बाकीची पदं आम्ही लग्नपत्रिकेत छापण्यापुरती घेतली होती. अण्णांनी मात्र आपलं पद फार मनावर घेतलं.

क्लबात नवा माणूस आला की अण्णा त्याचं नाव-गाव विचारत, धक्क्याच्या टोकापर्यंत गप्पा मारत नेत, आणि कपड्यांसकट पाण्यात ढकलून देत. "बोटीत बसायचं तर आधी बुडून दाखवा," हा त्यांचा नियम. कुलगुरू असो की शिपाई, सूट कुणाला नाही. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी विचारलं, "मूळचे कुठले म्हणालात?" मी म्हणालो, लातूरचा. आमच्या लहानपणी लातुरात नळाला पाणी आलं की गल्लीत सणासारखी धावपळ व्हायची. पाण्यात पडणं सोडा, पाणी सांडलं तरी आई बडवायची. अण्णा खूश झाले. "लातूरचे का? मग प्या पोटभर," म्हणाले.

मी दोनदा खाली गेलो. वर आलो तेव्हा कुणाचा तरी खांदा हाताला लागला आणि मी त्याला जीव खाऊन मिठी मारली. तेवढ्यात कानशिलावर एक चापट बसली. सगळं पांढरं झालं. नंतर आठवतं ते एवढंच, की मी काठावर पालथा पडलोय आणि अण्णा विचारताहेत, "पिठलं खाता ना?"

मी चिडलो होतो. वाचवायचं तर वाचवा, मारता कशाला, असं ओरडलोसुद्धा. अण्णांनी शांतपणे धोतर पिळलं. "आधी हाणा, मग आणा," ते म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. शेडच्या पत्र्यावर ते कुणीतरी ऑइलपेंटने लिहूनही ठेवलं होतं.

त्यामागची गोष्ट रुक्मिणबाईंनी भाकरी थापता थापता सांगितली. अण्णांचा थोरला भाऊ पट्टीचा पोहणारा. गणपती विसर्जनाला मेव्हणा पाण्यात घसरला आणि भावाने उडी मारली. "जवळचा पावणा, त्याला मारावं कसं? म्हणून नुसतं धरलं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिशी दोघं एकमेकाला कवळ्यात घेऊनच वर आले. लोकांनी लई ओढलं, पर सुटंनात. ह्येंनी एकेक बोट उकलून सोडवले. काही बोटं मोडावे लागले." त्या तव्यावरची भाकरी उलटायला वळल्या.

पुढे आपत्ती व्यवस्थापनाचा एक प्रशिक्षक आला होता. नवा करकरीत टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. बुडणाऱ्याला कधीही मारू नये, मागून जाऊन असं धरावं, असं त्याने फळ्यावर चित्र काढून समजावलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि विचारलं, "अन् त्यो फिरला तर?" प्रशिक्षक म्हणाला, तो फिरणार नाही. अण्णांनी त्याला धक्क्यावर नेलं. पुढचं सांगायला नको. तो फिरलाही, मिठीही मारली, आणि चापटही खाल्ली. जाताना शिट्टी क्लबात विसरून गेला.

धंद्यामुळे मला एक गोष्ट हळूहळू कळायला लागली. अण्णांकडून माझ्याकडे दोन प्रकारचे लोक येत. ज्यांना त्यांनी रागाने मारलेलं असे, त्यांच्यावर मूठ पडलेली असे. पुढचे दात जात, ओठ फाटे. दारू पिऊन बोट मागणारे, नदीत मेलेलं जनावर टाकणारे, एकदा बायकोला धक्क्यावर मारणारा एक कंत्राटदार, हे सगळे त्या प्रकारात. आणि ज्यांना त्यांनी पाण्यातून काढलेलं असे, त्यांच्या गालावर उघड्या पंजाची पाच बोटं असत. गाल सुजलेला, कान दुखतोय, पण दात सगळे जागच्या जागी. मूठ वेगळी आणि चापट वेगळी. तोंड उघडायच्या आधीच मला कळे, हा माणूस अण्णांच्या रागातून आलाय की पाण्यातून.

सोपान हा अण्णांचा सगळ्यांत लाडका चेला. पंचविशीचा, अंगाने काटक, भूमिहीन घरातला. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर कशी न्यायची हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. शर्यत तोच जिंकायचा आणि अण्णा स्वतः जिंकल्यासारखे मांडीवर थाप मारायचे. मग लग्न झालं, घर वाढलं, आणि एक दिवस सोपान वाळूवाल्यांच्या तराफ्यावर दिसला.

वाळूचं तुम्हाला सांगायला नको. नदीचा तळ उपसून उपसून काठालगत खड्डे पडले होते. वरून पाणी गुडघाभर दिसायचं आणि पुढचं पाऊल पुरुषभर खोल जायचं. त्या उन्हाळ्यात धुणं धुणारी एक बाई अशाच खड्ड्यात गेली. अण्णा तीनदा तळाशी जाऊन आले. चौथ्यांदा तिला घेऊन वर आले, पण तेव्हा चापटीची गरज उरली नव्हती. तिला काठावर ठेवून ते तसेच ओल्या अंगाने पोहत तराफ्यावर गेले आणि त्यांनी तिथल्या मुकादमाला इतकं मारलं, की त्याचा जबडा मला तारांनी बांधावा लागला. सोपान मध्ये पडला.

"अण्णा, पोटासाठी करून राहिलो," तो म्हणाला.

"तिला बी पोट होतं," अण्णा म्हणाले.

काही दिवसांनी तहसीलची माणसं आली आणि त्यांनी काठावर ओढून तराफे जाळले. असं ती अधूनमधून करतच. या वेळी काडी मात्र अण्णांनी ओढली, सगळ्या गावासमोर, सोपानकडे बघत. त्याचं उत्तर आठवड्याच्या आत आलं. क्लबातली सगळी मंडळी औषध दुकानदाराच्या मुलीच्या लग्नाला गेली होती. अक्षता पडायच्या वेळी कुणाचा तरी फोन वाजला. आम्ही पोचलो तेव्हा शेड वितळल्यासारखी वाकली होती, होड्यांचे नुसते सांगाडे धुमसत होते, आणि कमांडरने स्वतः बांधलेली पहिली बोट, जी तो वारल्यावर आम्ही कधी पाण्यात घातली नव्हती, तिची राख झाली होती. सोपानला रॉकेलचा डबा घेऊन जाताना काठावरच्या बायांनी पाहिलं होतं.

अण्णांनी त्या राखेत हात घातला. ओरडले नाहीत. नेहमी ओरडणारा माणूस ओरडला नाही म्हणून मला पहिल्यांदा भीती वाटली. "सोप्याला मारणार," ते म्हणाले. "दात पाडणार न्हाई. मारणार."

रुक्मिणबाई दवाखान्यात आल्या. त्या कधी शहरात येत नसत. खुर्चीत बसल्याच नाहीत. "डॉक्टर, तुमचं ऐकतेत. ह्येंचा हात धरा," म्हणाल्या. "बोलल्यावर करतेत वो. आजवर बोलले अन् केलं न्हाई असं झालं न्हाई." मी विष्णुपुरीला गेलो, अण्णांना समजावलं, पोलिसांत जाऊ म्हणालो. अण्णांनी मला चहा पाजला, हळदीचा भाव सांगितला आणि फाटकापर्यंत पोचवलं. हात धरायला त्यांनी मला संधीच दिली नाही.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही जळकी शेड साफ करायला जमलो होतो. वरच्या अंगाला पाऊस झाला होता, धरणाचे दरवाजे उघडले होते आणि पाण्याला ओढ होती. अशातही वाळूवाल्यांनी उरलासुरला एक तराफा पाण्यात घातला होता. दोर तुटला. तराफा आमच्या डोळ्यांदेखत आडवा झाला आणि उलटला. बाकीचे पोहून बाहेर आले. सोपानचा पाय दोरात अडकला होता. इतका पोहणारा माणूस, पण पाय धरला गेल्यावर तो नुसता हात मारत राहिला. त्याचं डोकं वर यायचं, तोंड उघडायचं आणि पाणी ते भरून टाकायचं.

अण्णांनी सदरा काढला. ते कशासाठी उतरताहेत हे आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

ते त्याच्यापर्यंत पोचले. सोपानने त्यांना पाहिलं आणि हात पुढे केले. अण्णांचा हात उठला आणि पडला. मग पुन्हा उठला आणि पुन्हा पडला. अण्णा पाण्यात कधी दोनदा मारत नसत. मग ते खाली गेले, बराच वेळ दिसले नाहीत, आणि वर आले ते सोपानला केसांना धरून.

काठावर सोपान पाणी आणि रक्त ओकला. मी त्याचं तोंड उघडून पाहिलं. पुढचे चार दात गेले होते, ओठ आरपार फाटला होता. आणि डाव्या गालावर पाच बोटं उमटली होती. मूठ आणि चापट, दोन्ही एकाच तोंडावर. मी मान वर केली. अण्णा माझ्याकडेच बघत होते. मला कळलंय हे त्यांना कळलं.

पोलिसांचा जमादार आला तेव्हा सोपान फाटक्या ओठाने म्हणाला, "तराफ्याची कड लागली."

"खोटं बोलून राहिला," अण्णा म्हणाले. "म्या मारलं. मारून टाकायलाच गेलतो."

"अण्णा, कशाला वाढवता," जमादार म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

जिवावर उठलेल्या वैऱ्याला पुरातून काढलं, ही बातमी सगळीकडे गेली. मोठ्या साहेबांच्या हस्ते अण्णांचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, फेटा. अण्णा यायला तयार नव्हते, रुक्मिणबाईंनी आणलं. माईक हातात दिला तेव्हा ते म्हणाले, "म्या त्येला मारायला गेलतो." सभागृह खदखदून हसलं आणि टाळ्या पडल्या. साहेबसुद्धा हसले. किती साधा माणूस, असं माझ्या शेजारचा म्हणाला. अण्णांनी माईक खाली ठेवला आणि नारळ तिथेच विसरून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आले. बरोबर दात फुटलेलं कुणी नव्हतं.

"पहिला हात माझा व्हता," ते म्हणाले. "जीव घ्यायला घातला. दुसरा कुणाचा व्हता, देव जाणे. सवयीनं गेला. तुमीच सांगा डॉक्टर, दुसरा आधी गेला असता तर? अन् पहिलाच दोनदा गेला असता तर?"

मी म्हणालो, "अण्णा, माणूस वाचला. सोडा आता."

त्यांनी उजवा हात माझ्या टेबलावर उपडा ठेवला, जसा एकदा दात ठेवला होता. "ह्येचा भरवसा न्हाई राहिला," म्हणाले.

त्या दिवसानंतर अण्णांनी कुणावर हात उचलला नाही. पहिले काही महिने आम्हाला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. सहली करणारे लोक बाटल्या फोडायचे आणि अण्णा वाकून काचा वेचायचे. नव्या माणसाला धक्क्यावरून ढकलायची चाल बंद झाली. कुणीतरी भगवी लाइफ जॅकेटं आणली, ती खिळ्यांना टांगली. नवी शेड उभी राहिली, पण पत्र्यावरचं ते वाक्य पुन्हा कुणी लिहिलं नाही. मला त्या काचा वेचणाऱ्या अण्णांचा राग यायचा. एकदा मी तो बोलूनही दाखवला. त्यांनी ऐकलं आणि काचा वेचत राहिले.

सोपानचे दात मी बसवले. दात आल्यावर तो वाळूकडे गेला नाही, क्लबाकडे आला. परवानगी मागितली नाही. सरळ प्लायवूड आणलं आणि कमांडरची पहिली बोट होती तशी बांधायला घेतली. अण्णा रोज त्याच्यामागे येऊन उभे राहत. दोघं बोलत नसत. फळी वाकडी बसली की अण्णा खाकरत आणि सोपान खिळा उपटून पुन्हा ठोके. रुक्मिणबाई दोघांना एकाच ताटलीत भाकरी पाठवायच्या.

ती बोट पाण्यात गेली आणि तिच्या मंडपाच्या शिडासमोर फोटो काढायला लग्न ठरलेली जोडपी यायला लागली. उदगीरचा एक नवरदेव आला होता, अंगावर जरीची जड शेरवानी. फोटोत चांगलं दिसत नाही म्हणून त्याने जॅकेट काढून ठेवलं. फोटोवाला काठावरून ओरडला, जरा उभे राहा. तो बोटीत उभा राहिला, आणि पाण्यात गेला.

अण्णा आणि मी धक्क्यावर चहा पीत होतो. त्यांनी पेला खाली ठेवला तोसुद्धा नीट, सांडू न देता, आणि उडी मारली. चार हातांत त्याच्यापाशी पोचले. नवरदेवाने त्यांच्या गळ्याला मिठी मारली. शेरवानी भिजून दगड झाली होती. दोघं खाली गेले, वर आले. अण्णांचा उजवा हात पाण्याबाहेर आला, वर उठला, पंजा उघडा.

सोपान शेडमधून हातोडी घेऊन धावत आला. "हाणा अण्णा!" तो ओरडला. "हाणा! अण्णा, हाणा की वो!"

मीही ओरडलो. माझ्या तोंडून तेच शब्द आले.

सोपानने उडी मारली. तो पोचेपर्यंत दोघं खाली गेले होते. नवरदेव एकटा वर आला, सोपानने त्याला एक चापट दिली आणि काठाला आणलं. मग तो परत गेला आणि अंधार पडेपर्यंत बुड्या मारत राहिला. अण्णा जुन्या वाळूच्या खड्ड्यात सापडले. सोपाननेच त्यांना वर काढलं. नवरदेवाला त्याच्या माणसांनी माझ्याकडे आणलं होतं. गाल सुजला होता, पाच बोटं होती, दात सगळे जागच्या जागी होते.

रुक्मिणबाईंना सांगायला मीच गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "हात उचललाच न्हाई का वो?"

उचलला होता. मी पाहिला. पाण्याबाहेर कोपरापर्यंत, बोटं पसरलेली, त्या माणसाच्या गालापासून वीतभर लांब. सोपान ओरडत होता, मी ओरडत होतो. तो हात तसाच वर राहिला आणि मग पाण्याखाली गेला.